एकोणीस फेऱ्या

अनुपमाला ते काम ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं, आणि तिला ते नको होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ज्या कंपनीत ती अकरा वर्षं नोकरी करत होती, ती कंपनी लोकांना प्रदर्शनं उभी करून द्यायची. भिंतींची मांडणी, दिवे, छोट्या फिल्म आणि भिंतीवरचा मजकूर. मजकूर अनुपमा लिहायची. मोती काढणाऱ्यांवर लिहून झालं होतं, घोड्यांवर, कॉफीवर, एका सिमेंट कंपनीच्या पन्नास वर्षांवरसुद्धा. पुण्यात असताना ती कॉलेजात इतिहास शिकवायची. इथे आखातात आल्यावर तिचा इतिहास साठ शब्दांत मावायला लागला. त्याहून जास्त कोणी उभं राहून वाचत नाही, असं तिचा बॉस सतीश म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

या वेळचा क्लायंट होता हम्माद, साठीतला एक अमिराती गृहस्थ. त्याला जुन्या गाड्यांचा नाद. अल कूझमधल्या एका गोदामात त्याच्या वीसेक गाड्या उभ्या होत्या. त्यात यंदा अमेरिकेतून विकत आणलेली एक रेसची गाडी आली होती, १९१२ साली बांधलेली, आणि नोव्हेंबरात तिच्याभोवती प्रदर्शन भरवायचं होतं.

सतीशने फाईल दिली तेव्हा गोष्ट आधीच ठरलेली होती. ही गाडी चालवणाऱ्याचं नाव एमेट हॅलोवे, ओहायोतल्या एका लोहाराचा मुलगा. १९१३ च्या सप्टेंबरात त्याने मातीच्या रस्त्यांवरची दोनशे मैलांची शर्यत जिंकली होती. ऐंशी फेऱ्या. त्या काळी रेसच्या गाडीत दोघं बसायचे, चालवणारा आणि शेजारी त्याचा मेकॅनिक. एमेटचा मेकॅनिक होता ओटो क्रेल, वय तेवीस. एकसष्टाव्या फेरीत एका वळणावर गाडी खड्ड्यातून उसळली आणि ओटो बाहेर फेकला गेला. इंजिनाचा आवाज, धुळीचे लोट, डोळ्यांवर गॉगल. एमेटला काही कळलंच नाही. उरलेल्या एकोणीस फेऱ्या त्याने पुऱ्या केल्या, पहिला आला, गाडी थांबवली, हात मिळवायला शेजारी वळला, तर सीट रिकामी. ओटो त्याच संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हे सगळं छापून आलं आणि पुढे शंभर वर्षं तसंच सांगितलं गेलं.

"पुढे केलेला हात," सतीश म्हणाला. "मेन वॉल तीच. व्हॉइसओव्हर पण तिथूनच सुरू. तुला फक्त बाकीचं आयुष्य भरायचंय."

"बाकीचं आयुष्य किती शब्दांत?"

"साठ."

ती हसली नाही. तोही हसला नाही. दोघांनाही आता त्यात गंमत वाटत नव्हती.

ज्याने गाडी विकली त्याने एमेटच्या नातीचा फोन नंबर दिला होता. डोरोथी, वय ब्याऐंशी, अजून ओहायोतच राहणारी. इकडे संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, त्यामुळे अनुपमा ऑफिसातून निघण्याआधी तिला फोन करायची. डोरोथी सावकाश बोलायची, मध्येच किटली बंद करायला जायची. तिने एका शेजाऱ्याकडून जुने कागद स्कॅन करून पाठवले. त्यातून अनुपमाच्या हाती एमेटचं आयुष्य तुकड्यातुकड्याने आलं.

लहानपणी तो भात्यावर बसायचा. मग सायकलच्या दुकानात लागला. सतराव्या वर्षी गावातल्या डॉक्टरची गाडी चालवायला लागला, कारण दुरुस्ती येणारा तो एकटाच होता. डॉक्टरला स्वतःलाच वेगाची हौस. त्यानेच एमेटला पहिल्यांदा जत्रेतल्या घोड्यांच्या ट्रॅकवर उतरवलं. एका कारखान्याने त्याला पगारावर घेतलं. चार वर्षं तो गावोगाव फिरला. रेल्वेच्या मालडब्यात गाडी, डब्यातच झोप, आणि बहिणीला लिहिलेल्या पत्रांत दर वेळी तेच: पाठ दुखते, दातांत माती जाते, ओटो बरा आहे. ओटोचा उल्लेख नाही असं एकही पत्र नव्हतं. १९१३ नंतरही तो तीन वर्षं शर्यतीत उतरला. मग सोडलं. त्यानंतर सत्तावीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली.

"बस?" अनुपमाने विचारलं होतं.

"बस," डोरोथी म्हणाली. "प्रत्येक मूल आपलं नाव पुकारेपर्यंत तो गाडी हलवायचा नाही. मुलं वैतागायची."

हे अनुपमाने वहीत टिपून ठेवलं. साठ शब्दांत ते बसणार नव्हतं.

गाडीचे भाग समजून घ्यायला ती गोदामात जायची. तिथे रफिक होता. दाभोळजवळच्या गावचा, एकसष्ट वर्षांचा, तेहतीस वर्षं आखातात. आधी शारजातल्या गॅरेजांत, मग गेली चौदा वर्षं हम्मादच्या जुन्या गाड्यांवर. डिसेंबरात तो कायमचा घरी जाणार होता. गुडघे गेले होते, कंबर गेली होती. गाडीखाली जाताना तो पुठ्ठा पसरायचा आणि आडवं होण्याआधी क्षणभर त्या पुठ्ठ्याकडे नुसता बघत उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याने हिंदीत सुरुवात केली. अनुपमाने आडनाव सांगितल्यावर मराठीत आला आणि तिला ताई म्हणायला लागला.

त्याने तिला सगळं दाखवलं. चालवणारा उजवीकडे बसायचा, मेकॅनिक डावीकडे. आवाजात बोलणं अशक्य, म्हणून मेकॅनिक चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारून सांगायचा: एक थाप म्हणजे मागून कोणी येतंय, दोन म्हणजे टायर झिजलाय. आणि मेकॅनिकच्या बाजूला, गुडघ्यापाशी, एक पितळी हातपंप. पेट्रोलची टाकी मागे, खाली. इंजिन पुढे, वर. टाकीत हवा भरत राहिलं तरच पेट्रोल पुढे यायचं. ते ओटोचं काम.

सप्टेंबरच्या शेवटी रफिकचा फोन आला. "ताई, वेळ असेल तर येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

ती दुपारी टॅक्सीने गेली. बाहेर अजून बेचाळीस डिग्री होती. रफिकने चहा मागवला आणि तिला ओटोच्या सीटवर बसायला सांगितलं. मग त्याने पंप मारला, इंजिन चालू केलं आणि हाताची घडी घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. सगळी गाडी थरथरत होती. अनुपमाचे दात एकमेकांवर वाजत होते. थोड्या वेळाने इंजिनाने दोनदा उचकी दिल्यासारखं केलं आणि ते बंद पडलं.

"साडेचार मिनिटं," रफिक म्हणाला. "महिनाभर मी गळती शोधत होतो. वॉशर तीनदा बदलले, टाकीचं झाकण नवीन केलं. मग अरबाबने, म्हणजे मालकाने, अमेरिकेहून मूळ ड्रॉइंग मागवलं. गळती नाहीये, ताई. गाडीच अशी आहे. चार-पाच मिनिटांनी पंप मारावाच लागतो."

अनुपमाच्या लगेच लक्षात आलं नाही.

"एक फेरी किती मिनिटांची होती?" त्याने विचारलं.

"अडीच. फार तर तीन."

"मग ओटो पडल्यावर गाडी दोन फेऱ्यांत थांबायला पाहिजे. ती एकोणीस फेऱ्या गेली."

तो वळसा घालून उजवीकडे गेला आणि कष्टाने चालकाच्या सीटवर चढून बसला. अनुपमाला त्याने खाली उतरायला सांगितलं. मग एक हात स्टिअरिंगवर ठेवून त्याने डावा हात रिकाम्या सीटवरून आडवा नेला. खांदा पाठीपासून सुटला, तो पुरा वाकला, आणि बोटं पंपाच्या मुठीला लागली.

"पोचतो," तो म्हणाला. "पण माणूस बसलेला असला तर नाही पोचत. त्याच्या मांडीवरून जावं लागतं."

अनुपमाने चहा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिवस झाले. म्हटलं, कशाला सांगायचं. मग एकट्याला ते ठेवून घेणं जमेना. वय झालं, ताई."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने डोरोथीला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पण प्रत्यक्षात तिने एवढंच म्हटलं, की हातपंपाबद्दल काही विचारायचं होतं.

"कोणी शोधून काढलं?" डोरोथीने विचारलं.

"इथल्या मेकॅनिकने. रफिक त्यांचं नाव."

"मेकॅनिकने," डोरोथी म्हणाली, आणि मग तिने सांगायला सुरुवात केली.

ती सोळा वर्षांची असताना आजोबा तिला गाडी शिकवत होते. ते बहात्तर वर्षांचे. एका सरळ रस्त्यावर त्यांनी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली, किल्ली काढून घेतली आणि समोर बघत सांगितलं. त्यांना त्याच वळणावर कळलं होतं. गाडी हलकी झाली. पुढच्या सरळ रस्त्यावर ओटोची थाप यायची, ती आली नाही. ते पहिल्या नंबरावर होते. त्यांना वाटलं, पुढच्या फेरीत बघू. पुढच्या फेरीत त्या वळणावर लोक जमलेले दिसले, म्हणजे ओटोजवळ माणसं होती. त्यानंतरच्या फेरीत एक घोडागाडी. त्यानंतर घोडागाडी नव्हती, दोन पोरं उभी होती आणि गवतात टोपी पडली होती. मग तेवढी टोपीच. एकोणीस वेळा ते तिथून गेले. मध्ये मध्ये वाकून पंप मारला. थांब्यावरची माणसं थांबायची खूण म्हणून फळी हलवत होती, तीही त्यांना दिसली. धुळीत दिसली नाही असं त्यांनी नंतर सांगितलं.

"थांबले असते तर वाचला असता का?" अनुपमाने विचारलं.

"नाही. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं की काहीच फरक पडला नसता. आजोबांना ते माहीत होतं. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही."

हात मिळवायची गोष्ट त्या संध्याकाळी एका वार्ताहराने रचली. त्याने विचारलं, तुम्ही वळलात तेव्हा सीट रिकामी होती ना? एमेट हो म्हणाला. तेवढंच. मग चाळीसेक वर्षं लोक त्याला ती गोष्ट सांगायला लावायचे, शाळेच्या समारंभात, चर्चच्या जेवणात, बसच्या दारात उभं राहून. तो सांगायचा. कधी नाही म्हटलं नाही. ओटोची आई दोन गावं सोडून राहायची. दर रविवारी जाऊन एमेट तिची लाकडं फोडून द्यायचा, छप्पर शाकारून द्यायचा. एकवीस वर्षं. ती त्याला मुलगा म्हणायची. मरताना तिने त्याचा हात धरून त्याचे आभार मानले होते.

"एवढंच एक सांगताना ते रडले," डोरोथी म्हणाली. "बाकी सगळं सांगताना नाही."

"मी काय करू?" अनुपमाने विचारलं. कामाच्या फोनवर असं विचारायचं नसतं, हे तिला विचारल्यावर लक्षात आलं.

"ओटोच्या घरचं आता कोणी उरलेलं नाही. मी सहासष्ट वर्षं हे धरून बसलेय आणि मला त्याचा फार कंटाळा आलाय. तुला हवं ते कर. पण ती हात मिळवायची गोष्ट परत सांगू नकोस. त्यांना ती सांगायचा किती त्रास व्हायचा ते मी बघितलंय."

अनुपमाने सतीशला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. उद्घाटनाला पाच आठवडे होते, अरबी आणि इंग्रजी दोन्ही व्हॉइसओव्हर रेकॉर्ड झाले होते, मेन वॉल छापायला गेली होती.

"शंभर वर्षं झाली गं," तो म्हणाला. "आपण पॅनेल करतोय, चौकशी आयोग नाही बसवलेला. खलास. सोड."

आणि तिने सोडलं. खरं तर ती भांडेल असं तिला स्वतःलाच वाटलं होतं. कॉलेजात असती तर भांडली असती. पण त्या दिवशी तिने मेट्रो पकडली, अल बर्शाला उतरली, भाजी घेतली, घरी येऊन कुकर लावला, आणि शिट्ट्या मोजताना तिला कळलं की आपल्यात भांडणाइतकं काही उरलेलं नाही. नवरा विजयकुमार फुजैराच्या टर्मिनलवर कामाला, शुक्रवारी संध्याकाळी यायचा. त्याला फोनवर सांगावंसं वाटलं, पण त्याचाच आवाज इतका दमलेला होता की जेवलास का एवढं विचारून तिने फोन ठेवला.

हम्मादशी बोलला तो रफिक. गाडी तयार झाल्याचं दाखवायला त्याने मालकाला बोलावलं होतं. हम्मादने पंप कशाला म्हणून विचारलं आणि रफिकने त्यांच्या नेहमीच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. दोन दिवसांनी सतीश आणि अनुपमाला गोदामात बोलावणं आलं.

ती दोघं पोचली तेव्हा हम्माद चालकाच्या सीटवर बसला होता. पांढऱ्या पायघोळ कंदुराची बाही कोपरापर्यंत वर सारलेली, आणि हाताला ग्रीस लागलेलं. त्याने अनुपमाला दोनच गोष्टी विचारल्या. ओटो पडलेल्या जागेवरून एमेट किती वेळा गेला, आणि घरच्यांचं काय म्हणणं आहे. तिने दोन्हींची उत्तरं दिली. सतीशने छपाई झाल्याचं हळूच सांगून पाहिलं.

"गाडी आता माझ्या घरात आहे," हम्माद म्हणाला. "तिच्यासमोर जे सांगितलं जाईल ते माझ्या नावावर जाईल. तो हात काढून टाका."

मग त्याने विचारलं, तिथे काय लिहायचं? सगळंच लिहा, असं तो म्हणाला नाही. तो खाली उतरला, रफिककडून चिंधी घेतली आणि बोट न् बोट पुसत राहिला. शेवटी म्हणाला की त्या दुसऱ्या मुलाचं नाव पहिल्याइतकंच मोठं आलं पाहिजे, आणि जे खोटं आहे ते येता कामा नये. बाकी मॅडम बघतील.

मॅडमनी तीन आठवडे बघितलं. सतीशने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. त्याने नवीन व्हॉइसओव्हरची तारीख घेतली, छापखान्याशी बोलला, आणि रोज संध्याकाळी तिच्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहून जायचा. अनुपमाने सव्वीस मसुदे केले. एकात एमेट गुन्हेगार झाला, एकात संत झाला, एकात दोघंही नव्हते, नुसता पंप होता. प्रत्येक मसुदा ती रफिकला फोनवर मराठीत करून सांगायची. तो ऐकायचा आणि बहुतेक वेळा म्हणायचा, "नको ताई. हे जास्त झालं."

शेवटी जे भिंतीवर गेलं त्यात दोन नावं होती, एकाखाली एक, सारख्या अक्षरांत. ओटो क्रेल एकसष्टाव्या फेरीत पडला आणि संध्याकाळी मरण पावला. गाडी आणखी एकोणीस फेऱ्या धावून पहिली आली. हा हातपंप दर चार-पाच मिनिटांनी मारल्याशिवाय ही गाडी चालत नाही. एमेट हॅलोवेने तीन वर्षांनी शर्यती सोडल्या आणि पुढे सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. बस. इंग्रजीत एकूण अठ्ठावन्न शब्द झाले. ज्याला वाचायचं तो वाचेल, असं तिने सतीशला सांगितलं. सतीश म्हणाला, इन्शाल्ला.

उद्घाटनाला सव्वाशे लोक आले. खजूर, गहवा म्हणजे अरबी कॉफी, छोट्या वाट्यांतून गोड कुनाफा. लोकांनी गाडीपुढे फोटो काढले, मुलांना दोरीपलीकडून हात लावायला दिला. भिंतीसमोर फार तर आठ-दहा जण थांबले. अनुपमा खांबापाशी उभी राहून बघत होती. एका मध्यमवयीन फिलिपिनो बाईने, ती केटरिंगवाली होती, हातातल्या ट्रेसकट थांबून सगळं वाचलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं, आणि कोणीतरी हाक मारल्यावर निघून गेली. तिला काय कळलं ते अनुपमाला कळायला मार्ग नव्हता.

डोरोथीला भिंतीचा फोटो पाठवला होता. चार दिवसांनी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की तिला मजकूर दोनदा वाचावा लागला आणि दुसऱ्यांदा वाचताना बरं वाटलं. ओटोचं नाव कुठेतरी एवढं मोठं लिहिलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याच्या थडग्यावरची अक्षरंसुद्धा आता गेली होती. तिने रफिकला नमस्कार कळवला होता.

रफिक डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गेला. हम्मादने त्याला स्वतः विमानतळावर सोडलं. जाण्याआधी रफिकने अनुपमाला फोन करून डोरोथीला सलाम सांगायला सांगितलं. तो म्हणाला, घरी गेल्यावर मैमुनाबीला हे सांगणार आहे, बाकी कोणाला नाही. मैमुनाबी त्याची बायको. तेहतीस वर्षांत एकूण चार वर्षं ते दोघं एका घरात राहिले होते, हेही त्याने त्याच फोनवर, चालू बोलण्यात सांगितलं, आणि लगेच म्हणाला, चला ताई, सामान बांधायचंय.

त्याच दिवशी दुपारी विजयकुमार घरी होता. जेवण झाल्यावर अनुपमाने शेवटी त्याला सगळं सांगायला घेतलं. तो सोफ्यावर आडवा होऊन ऐकत होता. ओटोच्या आईपर्यंत आली तेव्हा त्याचा श्वास जड झाला होता; तो झोपला होता. तिला राग आला नाही. मुलगी मैथिली अकरावीत, ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि कानात काही नव्हतं, म्हणून अनुपमाने उरलेलं तिला सांगितलं, आवाज लहान करून. मैथिलीने टाइप करणं थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"बट ही डिड विन, राइट?" तिने विचारलं.

"हो," अनुपमा म्हणाली. "जिंकला."

मैथिलीने लॅपटॉप मिटला. मग तिने विचारलं की ओटो कसा दिसायचा, फोटो आहे का. फोटो होता. अनुपमाने फोन शोधला, चष्मा शोधला आणि टेबलाशी तिच्या शेजारी जाऊन बसली.